रस्टिक फ्रेंच उपाहारगृहातली न्याहारी: फळ्यावरचं काय मागवायचं आणि का?

गिरिजा_ल

फ्रान्समधल्या लिऑन शहरात क्रोआ रुसच्या टेकडीवर एक नवं उपाहारगृह सुरू झालंय. नाव देत नाही, कारण प्रश्न त्या एका जागेचा नाही, या गावठी थाटाच्या, म्हणजे रस्टिक प्रकाराचाच आहे. रेशीम विणणाऱ्यांच्या जुन्या कार्यशाळेची जागा, उंच छत, उघड्या तुळया, दगडी भिंत, लाकडी बाकडी, खडूने लिहिलेला फळा. सकाळी साडेआठ ते अकरा न्याहारी. सध्या फळ्यावर एवढं आहे:

तार्तीन (पाव, लोणी, जॅम), क्रोसाँ, उफ कोकोत, ओम्लेत पेइझान, सेर्वेल द कान्यू (कांदा-पाला घातलेलं ताजं मऊ चीज) आणि उकडलेले बटाटे, फेसेल (ताजं मऊ चीज), ब्रियोश ओ प्रालीन (साखरेत घोळवलेले गुलाबी बदाम घातलेला गोड पाव). शनिवारी 'माशों' (विणकरांची भरपेट सकाळ).

पुढच्या महिन्यात आईबाबा येताहेत. बाबांना अंडं आणि चिकन चालतं, बाकी मांस नाही. आई अंडंही खात नाही, पण दह्यादुधाचं सगळं आवडीने खाते. विचारायचं हे की यातलं काय मागवावं, आईला नक्की काय चालेल, आणि स्वयंपाकघर खरोखर चांगलं आहे की नुसता दगडी भिंतींचा थाट आहे हे कशावरून ओळखायचं? जाणकारांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

खमीर

गिरिजाताई, फळा छोटा आहे ही सगळ्यात चांगली खूण. नव्या जागेत पहिले काही महिने सात-आठ पदार्थच नीट सांभाळता येतात. त्याच फळ्यावर चाळीस पदार्थ असते तर अर्धे गोठवलेल्या पाकिटातून येतात असं खुशाल समजावं.

पारखायला तार्तीनपासून सुरुवात करा. पाव, लोणी, जॅम, संपलं. झाकायला सॉस नाही, मसाला नाही.

पाव कोणता ते विचारा. बागेत, म्हणजे लांब बारीक फ्रेंच पाव, असेल तर तो 'त्रादिस्यों' आहे का? १९९३च्या सरकारी आदेशाने या नावाला संरक्षण आहे: गव्हाचं पीठ, पाणी, मीठ, यीस्ट किंवा आंबवण एवढंच. बाकल्याचं, सोयाचं पीठ आणि माल्ट ठरलेल्या अगदी कमी प्रमाणात चालतं, रासायनिक पूरकं अजिबात नाहीत आणि कणीक कुठल्याही टप्प्यावर गोठवायची नाही. साध्या 'बागेत' या नावाला एवढी बंधनं नाहीत.

बागेत त्याच सकाळची हवी. पाव बारीक, त्यामुळे गराच्या मानाने कवच जास्त. गरातला ओलावा काही तासांतच कवचात उतरतो, कवच चिवट होतं आणि गर कोरडा पडतो. कालची बागेत भाजून वाढली तर बाहेरून खडखडीत लागते आणि लोणी लावताना चुरा होतो.

पेन द काँपान्य, म्हणजे गावठी मोठा पाव, याचं उलट. नैसर्गिक आंबवण, गव्हासोबत थोडं राईचं पीठ, किलो-दोन किलोचा गोळा. हा दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतो आणि तीन-चार दिवस टिकतो. रस्टिक म्हणवणाऱ्या जागेने तार्तीनला हाच पाव दिला तर समजायचं की मालकाला हिशोबही कळतो आणि चवही. काप दीड सेंटिमीटर जाड, हलका भाजलेला. त्याहून पातळ काप कडक होतो, जाड असला तर मध्ये थंड राहतो.

लोणी मऊ असलं पाहिजे, बोट दाबलं तर खळगा पडेल इतपत. फ्रिजमधून थेट आलेला दगडासारखा तुकडा पसरत नाही, पाव फाडतो. 'दू' म्हणजे बिनमिठाचं आणि 'दमी-सेल' म्हणजे हलकं खारं. जॅम गोड असल्यामुळे दमी-सेल मागा. जॅमची बाटली टेबलावर असेल तर लेबलावर शंभर ग्रॅममागे किती ग्रॅम फळ आहे ते छापलेलं असतं. ते एकदा बघा.

भाकरतुकडा

खमीरदादा, पावाचं पटलं, पण फ्रेंच न्याहारीची परीक्षा क्रोसाँवरच व्हायला हवी. पाव तर कोपऱ्यावरच्या बेकरीतून कुणीही आणेल. क्रोसाँ मधोमध उभा कापायचा. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी मोठी, एकमेकांना जोडलेली भोकं दिसली तर पदर नीट राहिलेत. ब्रेडसारखा सलग गर दिसला तर लाटताना लोणी कणकेत मिसळून गेलंय. मध्यभागी ओलसर चिकट पट्टा असेल तर फुगायला वेळ मिळाला नाही, किंवा भट्टीतून लवकर काढला.

आणि तळ बघायचा. तळाला तेलकट डाग असतील तर फुगवताना लोणी वितळून खाली गळलं.

खमीर

खुणा सगळ्या बरोबर. पण त्या क्रोसाँच्या खुणा झाल्या, उपाहारगृहाच्या नव्हेत.

क्रोसाँला लाटण्याचं यंत्र लागतं, थंड खोली लागते आणि दीड-दोन दिवसांचं वेळापत्रक लागतं. दोन माणसांच्या स्वयंपाकघराने हा व्याप करूच नये. शेजारच्या चांगल्या बुलांजरीतून, म्हणजे पावाच्या बेकरीतून, पहाटे आणून ठेवला तर त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त 'कुठून आणता?' या प्रश्नाला सरळ उत्तर यावं. नाव सांगितलं तर ती जागा विश्वासाची.

लोकांचा एक गैरसमज असतो. १९९८च्या कायद्याप्रमाणे 'बुलांजरी' ही पाटी लावायची तर पाव जागेवरच मळून, आकार देऊन, भाजावा लागतो. हा नियम पावाचा आहे, क्रोसाँचा नाही. त्यामुळे बुलांजरीतलाही क्रोसाँ कारखान्यातून गोठवून आलेला असू शकतो. तसंच २०१४पासून उपाहारगृहात 'फे मेज़ों'चं चिन्ह दिसतं, पातेल्यावर घराचं छप्पर. कच्च्या मालापासून तिथेच शिजवलेला पदार्थ असा त्याचा अर्थ. पण पाव आणि कच्चे पफ पेस्ट्रीचे थर बाहेरून आणले तरी ते चिन्ह लावता येतं.

'ओ बर' लिहिलंय का ते मात्र जरूर बघा, म्हणजे स्निग्ध पदार्थ फक्त लोणी. सरळ आकाराचा लोण्याचा आणि चंद्रकोरीसारखा वाकलेला मार्गरीनचा, अशी पद्धत आहे. कायदा नाही, पद्धत. मार्गरीनचा असेल तर खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो, कारण लाटायचं मार्गरीन तोंडातल्या उष्णतेला पूर्ण वितळत नाही. लोणी वितळतं.

अस्मानी

+१. 'कुठून आणता' हा प्रश्न पुण्यातल्या नव्या कॅफेंनाही विचारायला हवा.

कर्वेनगरचे अण्णा

खमीर, पुण्यात घरी करायचा तर प्रमाण काय? एप्रिल-मे सोडून विचारतोय, तेवढी समज आहे.

खमीर

अण्णा, अर्धा किलो मैद्याला २५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी पदरांसाठी, वेगळं. कणकेत १० ग्रॅम मीठ, ६० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, ५० ग्रॅम लोणी, अंदाजे २५० मिली थंड दूध-पाणी. कणीक रात्रभर फ्रिजमध्ये. लोण्याची चौकोनी वडी लाटून घ्या आणि वाकवली तर तुटणार नाही, वाकेल इतपत ठेवा, साधारण १२ ते १४ अंश. त्याहून थंड असेल तर लाटताना कणकेच्या आत तुकडे होतात. गरम असेल तर कणकेत जिरतं. तीन साध्या घड्या, दर घडीनंतर अर्धा-पाऊण तास फ्रिज.

फुगवताना २६ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. आपल्याकडे घोटाळा इथेच होतो: ओट्यावर ३० अंश असतात, लोणी तळाला गळतं आणि भट्टीत क्रोसाँ स्वतःच्याच तुपात तळला जातो. डिसेंबर-जानेवारीची सकाळ उत्तम. आणि नेहमीचं खारं टेबल बटर घेऊ नका, मीठ जास्त होतं.

तवा

पावाची चर्चा रंगलीय, अंड्यांकडे वळतो. बाबांसाठी दोन पर्याय आहेत.

उफ कोकोत: छोट्या मातीच्या किंवा चिनीमातीच्या वाटीत लोण्याचा हात, तळाला मीठ-मिरपूड, चमचाभर घट्ट क्रीम, वर फोडलेलं अंडं. ट्रेमध्ये वाटीच्या अर्ध्या उंचीपर्यंत गरम पाणी, १८० अंशांच्या भट्टीत दहा-बारा मिनिटं. पांढरं जमलेलं आणि पिवळं हलवलं की थरथरणारं असं हवं. सोबत पावाच्या बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या, बुडवून खायला.

बिघडतं ते तीन ठिकाणी. ट्रेमध्ये थंड पाणी घातलं तर तळ शिजेपर्यंत वरचा भाग चामडं होतो. मीठ पिवळ्यावर टाकलं तर तिथे पांढरे ठिपके उठतात, म्हणून मीठ तळाला. आणि वाटी जाड असते, भट्टीबाहेर काढल्यावरही दीड-दोन मिनिटं शिजवत राहते. वाढप्याने वाटी काउंटरवर विसरली की पिवळं घट्ट झालंच. तुमच्या टेबलावर पिवळं वाहतं आलं तर स्वयंपाकघर आणि वाढपी यांचं जमतंय. नव्या जागेत हे जमायलाच सगळ्यात वेळ लागतो.

एक खबरदारी: वाटीच्या तळाला डुकराच्या मांसाचे तुकडे, म्हणजे लार्दों, लपलेले असू शकतात. 'सां लार्दों' असं मागवतानाच सांगा.

ओम्लेत पेइझान: ही शेतकऱ्यांची ऑम्लेट. बटाटे, लार्दों, कांदा, कधी आंबटचुका. फिकट पिवळी, घडी घातलेली, आत ओलसर अशी पुस्तकी फ्रेंच ऑम्लेट वेगळी. ती तपकिरी झाली तर फसली. पेइझान मात्र सपाट असते आणि दोन्हीकडून सोनेरी व्हायलाच हवी. 'फ्रेंच ऑम्लेट करपवली' अशी तक्रार करण्याआधी हे ध्यानात घ्यावं. माणशी तीन अंडी, एक सेंटिमीटरच्या बटाट्याच्या फोडी आधी लोण्यात पंधरा मिनिटं परतलेल्या. फोडी कच्च्या असतील तर अंड्यात त्या शिजत नाहीत, कारण अंडं दोन मिनिटांत होतं.

इथेही लार्दोंचा प्रश्न आहेच. सकाळच्या घाईसाठी पुष्कळ ठिकाणी बटाटे आणि लार्दों एकत्रच परतून ठेवतात. मग 'सां लार्दों' सांगितलं की त्यातून तुकडे निवडून काढतात, चरबी मात्र बटाट्यात राहते. बाबांना ते चालणार नसेल तर उफ कोकोतच मागवा, किंवा साधी हिरव्या सुगंधी पाल्याची ऑम्लेट करून द्याल का विचारा.

सांजपाखरू

उकडलेलं अंडं मागितलं तर? फळ्यावर नसलं तरी देतात बहुतेक.

तवा

देतात. फ्रान्समधला पाढा तीन-सहा-नऊ: उकळत्या पाण्यात सोडल्यापासून तीन मिनिटं 'आ ला कोक', म्हणजे पांढरंही जेमतेम धरलेलं. सहा मिनिटं 'मोले', पांढरं घट्ट आणि पिवळं वाहतं. नऊ मिनिटं 'द्यूर', पूर्ण घट्ट. अंडं फ्रिजमधून थेट पाण्यात गेलं तर अर्धा मिनिट जास्त. बाबांना अर्धंकच्चं नको असेल तर 'द्यूर' हा शब्द लक्षात ठेवा.

रानमेवा

गिरिजा, आईंबद्दल लिहिते, कारण या धाग्यावर सगळ्यात नाजूक प्रश्न तोच आहे.

क्रोसाँच्या कणकेत सहसा अंडं नसतं, पण वरची चकाकी अंड्याच्या हाताची असते. म्हणजे आईंना नाही. ब्रियोशमध्ये तर अंडी भरपूर, प्रश्नच नाही. प्रालीनचा गुलाबी रंग काही ठिकाणी ई१२०चा, म्हणजे किड्यांपासून काढलेला असतो, काही ठिकाणी बिटाचा. हे बाबांसाठी, त्यांना फरक पडत असेल तर.

बागेत, पेन द काँपान्य यांत अंडं-दूध नसतं. तार्तीन निश्चिंतपणे घ्या.

खरी अडचण दुधाच्या पदार्थांत आहे, आणि ती कुणी सांगत नाही. फेसेल आणि फ्रोमाज ब्लां हे ताजे, मऊ चीजचे प्रकार. दूध मुख्यतः जिवाणूंच्या आंबटपणाने विरजतं, पण सोबत थोडं रेनेट घालतात. रेनेट म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं विकर. सेर्वेल द कान्यू फ्रोमाज ब्लांचंच होतं, म्हणून तिथेही तोच प्रश्न. डब्यावर नुसतं 'प्रेझ्यूर' असेल तर प्राणिज धरावं. 'कोआग्युलां मिक्रोबियां' असेल तर सूक्ष्मजीवांपासूनचं. कोंते, रब्लोशों वगैरे नामांकित चीजना प्राणिज रेनेटच लागतं.

साधं 'याउर नात्यूर' मात्र आपल्या दह्यासारखंच दूध आणि विरजण, रेनेट नाही. फळांची, मूससारखी फुगवलेली डेझर्टं टाळा, त्यांत जिलेटिन असू शकतं.

फ्रान्समध्ये उपाहारगृहांना चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती लेखी ठेवावी लागते. 'ताब्लो दे-झालेर्जेन' मागा, अंडं त्यात दिसेल. पण डुकराची चरबी, जिलेटिन, रेनेट हे त्या चौदांत येत नाहीत. तक्ता कोरा दिसला म्हणून पदार्थ शाकाहारी झाला असं नाही. ते तोंडी विचारावंच लागतं.

गिरिजा_ल

रानमेवा, रेनेटचं अजिबात लक्षात आलं नव्हतं. आईला विचारलं. कळून-सवरून प्राणिज रेनेट नको म्हणाली. म्हणजे सेर्वेल द कान्यू बाद?

कर्वेनगरचे अण्णा

बाद कशाला? घरी करा की. चक्का आहे ना! दह्याला रेनेटचा संबंधच नाही.

अर्धा किलो पूर्ण मलईच्या दुधाचं दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये चार-पाच तास टांगायचं. श्रीखंडासारखं रात्रभर नको, फार घट्ट होतं. हे पावावर पसरलं पाहिजे. त्यात दोन चमचे साय किंवा क्रीम, म्हणजे दह्याचा तीव्र आंबटपणा मवाळ होतो. दोन सांबार कांदे अगदी बारीक चिरून, मूठभर पातीचा हिरवा भाग, थोडी पार्सली, लसणाची अर्धी पाकळी ठेचून, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल, एक छोटा चमचा व्हिनेगर, भरपूर मिरपूड. दोन तास फ्रिजमध्ये मुरू द्यायचं.

दोन गोष्टी सांभाळा. कांदा चिरायचाच, मिक्सरमधून काढला की कडू होतो आणि वासही उग्र येतो. आणि मीठ अगदी वाढताना घाला, आधी घातलं तर पाणी सुटतं. सोबत सालासकट उकडलेले गरम बटाटे. थंड मिश्रण, गरम बटाटा, तीच गंमत.

रानमेवा

अण्णा, दंडवत. यात एक भर: लिऑनमध्ये पुष्कळजण यात थोडी पांढरी वाइनही घालतात. बाहेर खाताना वाइन चालत नसेल तर तेही विचारायचं.

ब्रेस्तवासी

फळ्यावर गालेत नाही हे वाचून आमच्या ब्रेतान्य प्रांताच्या वतीने निषेध! खेड्यातली फ्रेंच न्याहारी म्हटली की कुट्टूच्या पिठाची गालेत, म्हणजे पातळ धिरडं, हवीच.

३३० ग्रॅम कुट्टूचं पीठ, १० ग्रॅम जाडं मीठ, ७५० मिली पाणी. पाणी हळूहळू घालत हाताने जोरात फेटायचं, मग किमान दोन तास, शक्यतो रात्रभर फ्रिजमध्ये. कुट्टूत ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ पाणी शोषून फुगलं नाही तर गालेत उलटताना फाटते. बीडाच्या ओतीव तव्याला 'बिलिग' म्हणतात, चाळीस सेंटिमीटर व्यासाचा, सव्वादोनशे अंशांच्या वर तापवलेला. पळीभर पीठ ओतून लाकडी 'रोझेल'ने एका दमात गोल फिरवायचं, मनगट सैल, दाब नाही. दाबलं की पीठ रोझेललाच चिकटून येतं. तापमान बरोबर असेल तर आपल्या घावनासारखी जाळी पडते. तवा थंड असेल तर जाळी नाही, नुसता करडा पापुद्रा.

'काँप्लेत' म्हणजे वर हॅम, अंडं, किसलेलं एमाँताल चीज.

रानमेवाच्या यादीत एक भर घालतो. पारंपरिक पद्धतीत तव्याला जी चिंधी फिरवतात ती डुकराच्या चरबीत आणि अंड्याच्या पिवळ्यात बुडवलेली असते. काहीजण पिठातही एक अंडं घालतात. गालेत पीठ-पाण्याची, म्हणून शाकाहारी असा समज करून घेऊ नये. लोण्यावर करून देतात का ते विचारावं.

भाकरतुकडा

कुट्टूचं पीठ पुण्यात उपवासाच्या दिवसांत सहज मिळतं. नाकाला लावून घ्यावं, खवट वास आला तर परत. या पिठात तेलाचा अंश असतो, पटकन खराब होतं.

ब्रेस्तवासी

बरोबर. आणि पाकीट फोडल्यावर फ्रिजमध्ये.

माजघर

विषय ब्रेतान्यला पोचला, पण गिरिजाताई लिऑनमध्ये आहेत आणि शनिवारच्या माशोंवर कुणी लिहिलं नाही. लिऑनची अस्सल गावठी सकाळ तीच.

क्रोआ रुस म्हणजे रेशीम विणकरांची, 'कान्यूं'ची टेकडी. १८३१ साली मजुरीच्या दरांवरून त्यांनी उठाव केला तो इथलाच. पहाटेपासून मागावर काम, मग सकाळी नऊच्या सुमारास भरपेट खाणं. स्वस्त मिळायचं ते खायचे: आतडी, जठर, डोकं, कातडी. तेच आजही माशोंमध्ये येतं. ग्रातों म्हणजे तळलेली डुकराची चरबी-कातडी. सोसिसों म्हणजे डुकराच्या मांसाचा सॉसेज. आन्दुयेत म्हणजे आतड्यांचा सॉसेज. ताब्लिये द सापर म्हणजे गाईच्या जठराचा तुकडा पांढऱ्या वाइनमध्ये मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला. सोबत 'पो' नावाच्या जाड बुडाच्या बाटलीत बोजोले वाइन. पो मध्ये ४६ सेंटिलिटर मावतं, बुडाच्या जाडीमुळे दिसतं त्यापेक्षा कमी.

बाबांना यातलं चालेल असं एकच असतं, फळ्यावर असेल तर: गातो द फुआ द व्होलाय, कोंबडीच्या काळजाचा वाफवलेला, मऊ केक, टोमॅटो सॉससोबत. तोही विचारून, कारण कधीकधी त्यात डुकराची चरबी असते.

सांजपाखरू

सकाळी नऊला आतडी आणि वाइन? याला न्याहारी म्हणायचं? हे तर जेवण झालं.

माजघर

पहाटे पाचला मागावर बसलेल्याला नऊ वाजता दुपारच झालेली असते. क्रोसाँ-कॉफी ही शहरी, टेबलावर बसणाऱ्यांची न्याहारी. व्हिएन्नाच्या बेकरीकलेची ती देणगी, १८३०च्या दशकाअखेरीस पॅरिसमध्ये रुजली. रस्टिक म्हणायचं असेल तर माशोंचाच हक्क मोठा. ज्या नव्या जागेने तो फळ्यावर ठेवलाय तिला गावाची जाण आहे असं माझं स्पष्ट मत.

खमीर

माजघर, जाण आहे हे मान्य. पण आईबाबांना शनिवारी नेऊ नये, एवढंही म्हणा. छोट्या जागेत त्या दिवशी सगळ्या स्वयंपाकघरात आन्दुयेतचा वास भरून राहतो आणि तवे, झारे सामायिक असतात.

माजघर

हो, ते बरोबर. मंगळवार ते शुक्रवार न्यावं. सोमवारी पुष्कळ जागा बंद असतात.

मधुरांगण

चहाचं काय? आमच्याकडचे ज्येष्ठ चहाशिवाय खुर्चीत बसत नाहीत.

अस्मानी

चहा म्हणजे गरम पाण्याची किटली आणि पुडी. दूध सांगितलं तरच येतं, 'अव्हेक द्यू ले शो' म्हणा, नाहीतर थंड दूध येईल. पाणी येताच पुडी सोडा, निवत चाललेल्या पाण्यात रंगही धरत नाही. कॉफीत 'अं काफे' म्हटलं की छोटा कडक एस्प्रेसो येतो. ज्येष्ठांना 'ग्रां क्रेम' आवडतो, मोठा कप, भरपूर दूध. 'न्वाझेत' म्हणजे एस्प्रेसोवर जरासं दूध. साध्या कॅफेत उभ्याने काउंटरवर कॉफी स्वस्त आणि टेबलावर महाग असते, दोन्ही दर लिहिलेले असतात. पाण्याची बाटली घेऊ नका, 'कराफ दो' मागा, नळाचं पिण्याचं पाणी फुकट. सेवाशुल्क बिलातच धरलेलं असतं, वर द्यायचंच असं नाही.

आणि आत शिरताना 'बोंझूर' म्हणाच. न म्हणता थेट टेबल मागितलं तर तिथे तो उद्धटपणा समजतात.

गिरिजा_ल

सगळ्यांचे खूप आभार, एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. आता तिघांसाठी मागणी कशी द्यावी तेवढं कुणी सांगा.

तवा

तीन तार्तीन पेन द काँपान्यवर, दमी-सेल लोणी आणि जॅम. आईंना त्यासोबत याउर नात्यूर आणि नुसते उकडलेले बटाटे लोण्याबरोबर. बटाटे फळ्यावर सेर्वेलसोबत आहेतच, वेगळे द्यायला अडचण नसावी. बाबांना उफ कोकोत, सां लार्दों. तुम्ही सेर्वेल द कान्यू घ्या, म्हणजे अण्णांच्या कृतीशी चव ताडून बघता येईल. क्रोसाँ एकच, बाबा आणि तुम्ही वाटून. कुठून आणलाय ते विचारून.

कोकोत आधी येऊ दे असं सांगा. तार्तीन आधी आल्या तर पाव संपतो आणि पिवळं टिपायला काही उरत नाही.

रानमेवा

याउर फळ्यावर नाही, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचार. नव्या जागा असल्या मागण्या आनंदाने पुऱ्या करतात, पण ऐन सकाळी नाही. फोनवरच अंडं, लार्दों, रेनेट हे तीन शब्द सांगून ठेव.

माजघर

फोन करताच आहात तर टेबल खालचं मागा. कान्यूंच्या या कार्यशाळांना छत चार मीटरच्या आसपास उंच असतं, जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे उंच माग मावावेत म्हणून. त्याच उंचीत एक लाकडी पोटमाळा काढलेला असतो, विणकरांचं कुटुंब तिथे झोपायचं. उपाहारगृहं आता तिथे टेबलं लावतात. वर ऊब चांगली असते, पण जिना उभा आणि अरुंद, कठडाही असेलच असं नाही. आईबाबांच्या गुडघ्यांना तो त्रासाचा. खाली बसलात तर दारापासून लांबचं, भिंतीकडचं बाक घ्या. दार उघडलं की एवढ्या उंच खोलीतली ऊब लगेच निघून जाते. साडेआठलाच जा. दहानंतर दगडी भिंतींमुळे आवाज घुमायला लागतो आणि ज्येष्ठांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

गिरिजा_ल

खालचं, भिंतीकडचं, मंगळवारी साडेआठ. फोन करते आणि याउरचं काय म्हणतात ते इथेच लिहिते.